लिंक असलेल्या कोणालाही

बिभीषण शिराळ सोमवारी सकाळी साडेदहाला केंद्रावर आला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळायला हवं होतं. तो एका शाळेची बस चालवायचा. सकाळची फेरी झाली की बस शाळेच्या मागच्या पटांगणात लावायची आणि दुपारच्या फेरीपर्यंत शेवटच्या सीटवर आडवं व्हायचं, असा त्याचा सहा वर्षांचा शिरस्ता. केंद्रावर तो यायचा गुरुवारी संध्याकाळी, सभेला. मधल्या वारी कधी नाही.

माझ्या टेबलासमोर बसला. पाणी विचारलं, तर नको म्हणाला. खिशातून मोबाइल काढून त्यानं माझ्यापुढं ठेवला.

"हे वाच," म्हणाला.

एका कागदाचा फोटो होता. रेघांचा ताव, कोपऱ्यात केंद्राचा शिक्का, वर नाव, वय, गाव, दाखल झाल्याची तारीख. खाली निळ्या शाईत पानभर मजकूर. मी दोन ओळी वाचून थांबलो. पुढचं मला माहीत होतं.

"पालकांच्या ग्रुपवर आलंय काल," तो म्हणाला. "खाली लिव्हलंय, आपली लेकरं कुनाच्या हातात देताय बघा."

मी फोन त्याच्याकडं सरकवला.

"अक्षर तुझं हाय, रमाकांत."

"हो."

"मग हे तिकडं गेलं कसं?"

मी म्हणालो, बघतो. चौकशी करतो आणि सांगतो. दुपारच्या फेरीची वेळ होईल म्हणून तो उठला. जिन्यावरून त्याची पावलं खाली जाईपर्यंत मी खुर्चीतून हललो नाही. चौकशी करण्यासारखं फारसं काही नव्हतं.

या गोष्टीला आता सहा वर्षं होतील. बार्शीत आमचं व्यसनमुक्ती केंद्र होतं, वीस खाटांचं. डॉ. उज्ज्वला नाईकवाडी ते चालवायच्या. आठवड्यातले तीन दिवस त्या सोलापूरला स्वतःच्या दवाखान्यात असायच्या आणि उरलेले दिवस इथं. मी आधी त्या वीसांपैकी एका खाटेवर होतो. दारूपायी पतसंस्थेतली कारकुनी गेली, बायको माहेरी गेली ती परत आली नाही, आणि २००९ साली मला तिथं आणून टाकलं. बरा झालो तशी डॉक्टरांनी मला ऑफिसात बसवलं. म्हणाल्या, तुझं अक्षर चांगलं आहे.

दाखल झालेल्या प्रत्येकानं पहिल्या आठवड्यात आपली कहाणी लिहायची, असा तिथला नियम होता. काय प्यायलो, कधीपासून, कुणाचं काय नुकसान केलं. काही लपवायचं नाही, कारण ते कपाटाबाहेर जाणार नाही, असं डॉक्टर पहिल्याच दिवशी सांगायच्या. ज्याला लिहिता येत नसे, त्याचं मी लिहून घ्यायचो. बिभीषण २०११ ला आला. चौथीपर्यंत शिकलेला. त्याचं लिहायला तीन दुपारी लागल्या.

तेव्हा तो टेम्पो चालवायचा. त्याच्या दोन वर्षं आधी भर दुपारी पिऊन तो टेम्पो घेऊन निघाला होता आणि शेजारी त्याचा तीन वर्षांचा पोरगा बसलेला. पांगरीच्या अलीकडं पुलावरून टेम्पो खाली गेला. पोराचा डावा पाय दबला. वाचला, पण पाय आखूड राहिला. कुत्रं आडवं आलं, त्याला वाचवायला गेलो, असं बिभीषणनं सगळ्यांना सांगितलं. बायकोलाही. त्या वेळी त्याच्या तोंडाला वास येत होता की नाही हे बघायला कुणाला भान नव्हतं.

हे सांगताना तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "लिव्ह. कुत्रं नव्हतं." मी लिहिलं. "दोनदा लिव्ह," म्हणाला. मी दोनदा लिहिलं.

तेव्हापासून त्यानं घेतली नव्हती. आठ वर्षं. आमच्याकडं येणाऱ्यांत असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. आमची मैत्री त्याच तीन दुपारींतली.

तर ते कपाट. २०१६ च्या पावसाळ्यात त्याला वाळवी लागली. खालच्या दोन खणांतल्या फायलींचा भुगा झाला. डॉक्टर म्हणाल्या, सगळं कॉम्प्युटरवर घ्या आता. कॉम्प्युटर जुना, एकदा बंद पडून सगळं पुसलं गेलेलं. मग मी क्लाउडवर फुकटचं खातं उघडलं. माझ्याच नावानं, माझ्याच मोबाइल नंबरावर. ते भरलं तेव्हा दुसरं उघडलं, मग तिसरं. चार महिने रोज दुपारी मी एकेक पान स्कॅन करत बसायचो. चारशे बारा माणसं. कामाचा कंटाळा यायचा, पण मनातून बरंही वाटायचं, की आता वाळवी काही करू शकत नाही.

डॉक्टरांना सोलापुरातून एखादी फाईल बघायची असली की त्या फोन करायच्या. पासवर्ड विसरायच्या, मी पुन्हा सांगायचो, तरी उघडायचं नाही. आठवड्यातून चारदा तेच. एक दिवस वैतागून मी तिन्ही खात्यांतलं सगळं एका फोल्डरात जोडलं आणि त्यातला एक पर्याय निवडला. लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल, असा तो पर्याय होता. लिंक डॉक्टरांना पाठवली, दोघा समुपदेशकांना पाठवली. त्यानंतर फोन बंद झाले. सगळ्यांची सोय झाली, माझीही.

पुढच्या वर्षी समाजकार्य शिकणारी एक मुलगी दोन महिने केंद्रावर आली. तिला प्रकल्पासाठी आकडेवारी हवी होती. किती जण शेतमजूर, किती नोकरदार, वय काय. मी काढून देत बसण्यापेक्षा तिलाही लिंक दिली.

आणि २०१८ ला तपासणी आली. मानसिक आरोग्याच्या नव्या कायद्यात रुग्णाच्या गोपनीयतेचं कलम होतं, त्यावर एक छापील अर्ज भरायचा होता. त्यात एक प्रश्न असा होता की रुग्णांच्या नोंदी संस्थेच्या ताब्यात आहेत काय, आणि अधिकृत व्यक्तींखेरीज त्या कोणालाही पाहता येणार नाहीत अशी व्यवस्था आहे काय. पुढं दोन चौकटी होत्या, होय आणि नाही. मी 'होय'वर खूण केली. डॉक्टरांनी सही केली. तपासायला आलेल्या गृहस्थांनी कपाटाला नवीन कुलूप बघितलं, चहा घेतला आणि गेले.

त्या सोमवारी बिभीषण गेल्यावर मी कॉम्प्युटर लावला आणि तो पर्याय बंद केला. दोन मिनिटांचं काम. मग त्या मुलीला फोन केला. ती आता पुण्यात नोकरीला होती. तिला आधी काही आठवेना. मग आठवलं. प्रकल्प अहवालाच्या शेवटी संदर्भांची यादी द्यावी लागते, तिथं तिनं इतर संदर्भांबरोबर ती लिंकही छापली होती. चांगल्या मनानंच. अहवाल कॉलेजनं आपल्या वेबसाइटवर टाकला होता. तिथून तो कुणी उघडला, कुणी बिभीषणचं नाव ओळखलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ती मुलगी फोनवर रडायला लागली. मी तिला म्हणालो, तुझं काही चुकलं नाही, मला माहीतच नव्हतं अशानं असं होतं.

मंगळवारी डॉक्टर आल्या. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या वेळी त्यांचं वय सदुसष्ट असेल. गेली दोन वर्षं त्या केंद्र कुणाच्या तरी हवाली करायचं म्हणत होत्या आणि घेणारं कुणी मिळत नव्हतं.

"ते खातं कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"म्हणजे उद्या तू मेलास तर चारशे माणसांच्या नोंदी कुठं आहेत हे मलासुद्धा कळणार नाही."

मी म्हणालो, पासवर्ड डायरीत लिहिलेत.

मग त्यांनी विचारलं, लिंक बंद झाली ना. झाली म्हटलं. किती जणांनी उघडली असेल, विचारलं. ते कळायला मार्ग नव्हता. फुकटच्या खात्यात तेवढं दिसत नव्हतं, किंवा मला बघता येत नव्हतं.

"सगळ्यांना कळवायला हवं," मी म्हणालो. मनापासून म्हणालो की नाही, आता सांगता येत नाही. कुणीतरी नको म्हणेल या आशेनं माणूस कधीकधी बोलतो.

डॉक्टरांनी नको म्हटलं, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. यातले निम्मे लोक गावात कुणाला न सांगता आले होते. कुणी साहेबाला कावीळ झाली सांगून, कुणी सासरच्यांना नोकरीवर बदली झाली सांगून. त्यांच्या घरी फोन करायचा, फोन बायको उचलणार, सून उचलणार. काय सांगणार? व्यसनमुक्ती केंद्रातून बोलतोय? जे कुणाला कळलंही नसेल ते आपणच कळवायचं. शिवाय बातमी झाली तर केंद्र बंद. वरती वीस खाटा भरलेल्या होत्या. त्यातला एक मुलगा तीन दिवसांपासून थरथरत होता, त्याच्या कण्हण्याचा आवाज आम्हाला ऑफिसात ऐकू येत होता.

"एकाचं झालं ते वाईट झालं," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीच्यांचं होऊ नये एवढं आपण बघू. मी शाळेत फोन करते, बिभीषणसाठी बोलते."

मी बरं म्हणालो. मी थकलो होतो, त्या माझ्याहून जास्त थकलेल्या होत्या.

त्यांनी शाळेत फोन केला. मुख्याध्यापिका सभ्यपणे बोलल्या. शिराळांबद्दल सहा वर्षांत एकही तक्रार नाही, म्हणाल्या, मुलांचा जीव आहे त्यांच्यावर. पण पालक ऐकत नाहीत.

बुधवारी दुपारी बिभीषणचा फोन आला, शाळेच्या मागं ये. मी गेलो. पटांगणात बस उभी होती आणि तो तिच्यातून आपलं सामान काढत होता. पाण्याचा कॅन, एक सोलापुरी चादर, काच पुसायचं फडकं, गणपतीची छोटी मूर्ती. चाव्या त्यानं आधीच ऑफिसात दिल्या होत्या. आतून शाळेतल्या पोरांच्या पाढ्यांचा आवाज येत होता.

"कौशल्यानं वाचलं," तो म्हणाला. "शेजारणीनं दाखवलं तिला. नोकरीचं काय न्हाई. दुसरी बघंन. ती दोन दिस झालं बोलत न्हाई माझ्याशी. पोरापाशी बसून असती."

कौशल्या म्हणजे त्याची बायको. ती आठ वर्षांत एकदाही केंद्रावर यायची चुकली नव्हती. वर्धापनदिनाला लाडू करून आणायची.

मी तिथं, बसच्या पायरीपाशी, त्याला सगळं सांगितलं. वाळवी, फुकटचं खातं, डॉक्टरांचे फोन, लिंक, ती मुलगी. मी कुणाचं नाव पुढं केलं नाही. मी केलं, असंच म्हणालो. पण शेवटी म्हणालोच, की मला माहीत नव्हतं अशानं असं होतं.

तो पायरीवर बसून ऐकत होता. फडक्याची घडी करत होता, मोडत होता. ओरडला नाही. मी त्याची तयारी ठेवून गेलो होतो. मग त्यानं विचारलं,

"किती फायली चढवल्यास?"

"चारशे बारा."

"समद्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

"तुझी?"

मला वाटतं त्यानं सहज विचारलं. माझीही उघडी पडली असेल तर माझ्यावर काय बेतलंय, एवढंच त्याला विचारायचं असेल. तो तसाच माणूस होता. पण मी त्याचा पाण्याचा कॅन उचलून बाजूला ठेवायला लागलो, आणि त्याला उत्तर मिळालं.

"न्हाई घातलीस."

"नाही."

माझी फाईल मी स्कॅनिंग सुरू केलं त्या पहिल्याच दिवशी कपाटातून काढून घरी नेली होती. कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा मनाशी म्हणालो होतो, आपण आता कर्मचारी आहोत, रुग्णांत कशाला. घरी पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या खाली ती ठेवली होती, आईच्या साड्या. आणि मग तीन दिवस मी त्या मुलीला, डॉक्टरांना, बिभीषणला आणि स्वतःला सांगत होतो की मला माहीत नव्हतं. ज्याला धोका कळत नाही, तो आपली फाईलही बाकीच्यांबरोबर ठेवतो. चारशे बारा लोकांची कागदं एखाद्या जागी ठेवायला ती जागा मला पुरेशी चांगली वाटली, स्वतःची ठेवायला वाटली नाही. हे मला त्या पायरीपाशी उभं असताना समजलं. त्याआधी समजलं नव्हतं असंही म्हणवत नाही.

मी बिभीषणला म्हणालो, माझी फाईल तुला आणून देतो, वाच, कुणाला दाखवायची त्याला दाखव.

"मला काय करायचीय ती," तो म्हणाला. "आठ वर्सं मी तुझ्या म्होरं बसतो दर गुरुवारी. सांगायचं असतं तर सांगितलं असतंस."

मग उठला. चादर खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "कौशल्याकडं चल. मी सांगतोय ते तिला पटत न्हाई. तू लिहून घेतलंस, तू सांग."

त्याचं घर उपळाई रोडला होतं, दोन खोल्यांचं. पोरगा शाळेत गेलेला. कौशल्यानं मला बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बसायला चटई टाकली. माझ्यावरचा राग तिच्या चेहऱ्यावर नव्हता. तिला अजून माहीतच नव्हतं. मी आधी तेच सांगितलं, की कागद बाहेर गेला तो माझ्यामुळं. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष तिथं नव्हतं. माझं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं,

"भाऊ, एक सांगा. तुम्ही इचारलं म्हणून त्यांनी सांगितलं, का आपणहून?"

"आपणहून. मी काही विचारलं नव्हतं. त्यानंच मला दोनदा लिहायला लावलं."

बिभीषण दारात उभा होता. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"तुम्हाला सांगितलं," ती म्हणाली. "मला न्हाई. मी धा वर्सं त्या रस्त्यानं जाताना प्रत्येक कुत्र्याला शिव्या देती."

ती आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्यापुढं ठेवला.

"आता हे कितीजणांकडं हाय?"

"माहीत नाही."

"परत घेता येतंय का?"

"लिंक बंद केली. पण ज्यांनी उतरवून घेतलं त्यांच्याकडचं परत घेता येत नाही."

"पोरगं मोठं झालं की त्याच्या फोनवर बी येईल मग."

मी म्हणालो, येऊ शकेल.

"मग त्याला आमीच सांगायला पायजे," ती म्हणाली. पहिल्यांदा ती नवऱ्याकडं वळली. "तुम्ही सांगा. आज. मी बसते शेजारी."

मी पाणी पिऊन निघालो. पुढं त्या घरात काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कौशल्या त्याला सोडून गेली नाही, एवढं नंतर दिसलं. बिभीषणला वैरागच्या बाजूला एका खडीच्या क्रशरवर डंपर मिळाला. त्यानं दारू घेतली नाही. त्या वर्षी रोज मला वाटायचं, आज कळेल की घेतली. गुरुवारी तो यायचा, मागच्या रांगेत बसायचा, आपला नंबर आला की न पिता गेलेले दिवस सांगायचा आणि सभा संपल्याबरोबर जायचा. माझ्याशी बोलायचा, पण पूर्वीसारखा थांबायचा नाही.

कौशल्याला भेटून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी सकाळी मी डॉक्टरांकडं गेलो. म्हणालो, सगळ्यांना सांगायचं. आणि माझी फाईल त्यात नव्हती, हेही सांगितलं. मी धरून चाललो होतो की त्या मला काढून टाकतील.

"त्या अर्जावर माझी सही आहे," त्या म्हणाल्या. "मी विचारायला हवं होतं. लिंक उघडली की फाईल दिसते, पासवर्ड लागत नाही, हे मी दोन वर्षं बघत होते." मग म्हणाल्या, "यादी काढ."

त्यांनी स्वतः वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. काय झालं, कधीपासून, किती नोंदी. तपासणी झाली, नोटीस आली, सहा महिने नवे रुग्ण घ्यायला मनाई झाली. मी ती तिन्ही खाती रिकामी करून बंद केली. सगळी पानं केंद्राच्या नावावरच्या, पासवर्ड असलेल्या एका जागी नेली. ती फक्त तिघांना उघडता यायची आणि कुणी कधी उघडली त्याची नोंद राहायची. डॉक्टर पासवर्ड विसरायच्या, फोन करायच्या. मी पुन्हा सांगायचो.

कळवायचं कसं, तेही आम्ही ठरवलं. फोन लागला की त्या माणसालाच मागायचं. दुसऱ्या कुणी उचलला तर फक्त रमाकांत ताकभाते बोलतोय सांगायचं, केंद्राचं नाव नाही. तोच बोलायला आला तर भेटायला कुठं येऊ विचारायचं. पत्र नाही, मेसेज नाही. मी सात महिने एसटीनं फिरलो. करमाळा, परंडा, भूम, माढा, बार्शीतल्या गल्ल्या. चहाच्या टपरीवर, शेताच्या बांधावर, एकदा तहसील कचेरीच्या जिन्यात. प्रत्येकाला तेच सांगायचं. तुमची फाईल दोन वर्षं उघडी होती, ती माझ्यामुळं उघडी राहिली, कुणी बघितली माहीत नाही, तुम्हाला तक्रार करायची असेल तर ती इथं करता येते.

काहीजणांनी शिव्या दिल्या. एकानं गळपट्टी धरली. बऱ्याचजणांनी नुसतं विचारलं, त्यात नेमकं काय लिहिलं होतं हो. स्वतः सांगितलेलं ते विसरले होते. मी सांगायचो. अठ्ठावीस जण वारले होते. एकतीस जणांचा पत्ता लागला नाही. एका शिक्षकानं मला घराच्या ओट्यावर बसवून सांगितलं की तुम्ही आला नसता तर बरं झालं असतं, आता रोज फोन वाजला की बायकोच्या आधी तो मला उचलावा लागेल.

यादी संपली त्यावेळी पावसाळा सरत आला होता. त्याच आठवड्यात एका सकाळी मी पेटीतून माझी फाईल काढली आणि लातूरची गाडी धरली. माझी बहीण सुलोचना तिथं दिली आहे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आई गेल्यावर मला तिचाच आधार.

आई गेली २००८ मध्ये, सरकारी दवाखान्यात. डॉक्टरनं एक इंजेक्शन लिहून दिलं होतं, ते बाहेरून आणायचं होतं. सुलोचना आईपाशी बसली आणि मी चिठ्ठी घेऊन निघालो. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, की गावभर फिरलो, कुठल्याच दुकानात मिळालं नाही. फाईलमध्ये खरं लिहिलं होतं. वाटेत गुत्त्यावर बसलो, आणि संध्याकाळ झाली.

सुलोचना स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होती. मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसलो आणि सांगितलं. फाईल हातात होती, पण द्यायची वेळ आली नाही. तोंडानंच सांगितलं. तिचे हात परातीत थांबले. ती माझ्याकडं बघत नव्हती, पिठाकडं बघत होती.

"चिठ्ठी दिली तेव्हा साडेतीन झाले होते," ती म्हणाली. "तू कितीला बसलास?"

फाईलमध्ये तिथं नुसतं 'दुपारी' असं होतं. मी स्वतःच लिहिलेलं. कुणी मला वेळ विचारली नव्हती आणि मी ती कधी आठवलीही नव्हती.

"चारला," मी म्हणालो.

"आई सातला गेली."

"हो."

"म्हणजे तीन तास होते."

मी हो म्हणालो. तिनं परातीतलं पीठ गोळा केलं, त्यावर ताटली झाकली आणि हात धुतले. मला जेवून जा म्हणाली नाही. मी फाईल पिशवीत ठेवली, चपला घातल्या आणि स्टँडवर येऊन बार्शीच्या गाडीची वाट बघत बसलो.